तीन दिसांचं कातडं

"रोज पाटंचं पाच किलोमीटर पळती, वाढल्यालं ताट संपिवती, मग तोंड का उघडत न्हाई? एवढंच इचारतुय म्या, आबा!"

भैरू शेलार इचारत नव्हता, वरडत व्हता. त्याचं बोलनंच तसलं. घरात बी तसंच.

सोमाआबांनी मान वर केली न्हाई. माळावर मेंढरांच्या जाळीपशी बसून ते एका कोकराचं अंग चाचपत व्हते. आबा जातिवंत धनगर. शाळेचं तोंड बघितल्यालं न्हाई, पन मन जड झालं की आसपासच्या गावची मानसं त्यांच्यापशी येऊन बसायची.

चार हातांवर भैरूची पोरगी उभी. सायली. सोळा वर्सांची. मे म्हयन्याचं ऊन, आन् अंगात गळ्यापतूर चेन वढल्यालं जॅकेट. पाठीवर नाव... धीरज.

धीरज तिचा थोरला भाऊ. आठ म्हयन्यामागं पोलीस भरतीच्या सरावाला जाताना ट्रकखाली ग्येला.

"शाळंतल्या बाई म्हनत्यात, तालुक्याला समुपदेशनाला न्या. म्या म्हनलं, येडी हाय का माझी पोरगी? तर म्हनं, तुमी बी या, तुमी पन बोला. म्या काय बोलू? मला काय झालंय?"

"काय झालंय?" आबांनी इचारलं.

"काय न्हाई!"

"आन् ते जॅकेट?"

"धीरजचं हाय. म्याच घाल म्हनलं. त्याची भरती ऱ्हायली, आता ही हुईल. जागा रिकामी ठेवायची व्हय? पाटंला ती अंधुक उजेडातनं पळत आली की लांबनं..."

भैरूनं पायाखालचा दगड लाथाडला.

"लांबनं त्योच दिसतो."

भैरूला बोलायला कायतरी पायजेच व्हतं. त्यानं कोकराकडं बघितलं आन् नाकाला हात लावला.

"ह्ये काय सोंग?"

कोकराच्या अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं व्हतं. सुतळीनं आवळल्यालं. वास मारत व्हतं.

"त्या मेंढीचं कोकरू मेलं. ह्येची आई मेली," आबा म्हनले. "ती ह्येला जवळ घिईना, लाथा घाली. म्हनून मेलेल्याचं कातडं ह्येच्यावर बांधलं. तिनं वास घेतला, आन् पाजलं."

भैरू हसला. "फसली म्हना की."

"फसली. आज तिसरा दिस."

"सवताच्या कोकरासाठी रडली न्हाई?"

"रडू दिलं कुठं म्या."

...

मेंढरं खालमानेनं चरत व्हती. भैरूचं हसू तोंडावरच सुकलं.

"काढा की ते. उकडतंय त्याला."

सायलीचा आवाज. घोगरा. गंजल्यावानी. धीरज ग्येल्यापासनं भैरूनं ह्यो आवाज ऐकला नव्हता. मागं वळायचं बी त्याला भ्या वाटलं.

आबांनी कमरंचा चाकू काढून त्याच्याम्होरं धरला.

"काप सुतळी."

"म्या? नगं, आबा! ती वळखंल. हुसकावंल त्येला."

"हुसकावंल बी."

"मग तिच्यापशी ऱ्हाईल काय? एक मेलं, दुसरं बी ग्येलं!"

आबांचा हात तसाच. चाकू तसाच.

भांडनात चार मानसं लोळवनारा भैरूचा हात, त्या येवढ्याशा सुतळीवर सावकाश फिरला. एक गाठ कापली. दुसरी कापली. कातडं मातीत पडलं.

खालचं कोकरू भलतंच बारकं निघालं. अंगावर लव चिकाटल्याली. त्यानं अंग झाडलं आन् उड्या मारत मेंढीपशी ग्येलं.

मेंढीनं हुंगलं... परत हुंगलं...



मेंढीनं पाय फाकवलं. कोकरानं तोंड लावलं. शेपटी थरारली.

"घेतलं! आबा, घेतलं की वो तिनं!"

आन् तवाच मेंढीनं मान लांब केली. मातीतल्या कातड्याला नाक लावलं आन् हंबरडा फोडावा तशी वरडली. एकदा. दोनदा. खाली कोकरू पीतच व्हतं.

मागं जॅकेटची चेन खाली वढल्याचा आवाज आला.

भैरूला ते वरडनं ऐकवंना. तो झपाट्यानं वाकला आन् कातडं उचलाय लागला. "फेकून देतो ह्ये! लांब वढ्यात नेऊन फेकतो!"

आबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात येवढा जोर आसंल, आसं वाटलं नव्हतं.

"हुंगू दे तिला. दूध कुठं थांबलंय?"