नव्यांची पंगत

"…मग नाव काय ठेवू, अप्पा?"

मन्मथ कथल्याचं हे विचारणं सकाळपासून तिसऱ्यांदा होत होतं. मठाचे अप्पा पळसाच्या पानांना काड्या टोचून पत्रावळी लावत बसले होते. ऐंशी ओलांडलेले अप्पा कानानं पक्के होते, पण नको ते ऐकू न येण्याची सोय त्यांनी करून घेतली होती.

"अप्पा, सोमवारी पाटी चढवायचीय. तुमच्या तोंडून एक नाव निघू द्या की."

"जुनी पाटी?"

"कुठली जुनी?"

"पहिली."

"ती होय! ती मिरचीच्या पिंपावर झाकण घातलीय. पत्रा दणकट आहे, अप्पा, टाकवेना."

अप्पांनी पुढचं पान उचललं.

आता हे पाटीचं प्रकरण काय, ते सांगतो. मन्मथचा मसाल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय हो, दोन कांडप यंत्रं, एक भली मोठी कढई आणि मिरचीच्या ठसक्यानं खोकणारी अख्खी गल्ली! सुरू केला तेव्हा पाटी लागली 'चंद्रभागा मसाले'. चंद्रभागाबाई त्याची आई. नवा उद्योग म्हणून सरकारनं यंत्रांना अनुदान दिलं, पहिली काही वर्षं करात सवलत दिली. आईच्या पाटल्या मोडायची वेळ आली नाही. छानच झालं की! त्यात वावगं ते काय?

पण सवलतीची वर्षं सरत आली तसा मन्मथ रोज कराचा हिशेब मांडून बसायला लागला. मग कुणा शहाण्यानं कानमंत्र दिला. जुनं बंद झालं म्हणा आणि बायकोच्या नावानं नवं काढा. झालं! 'चंद्रभागा' उतरली, 'नवरत्न' चढली. भिंत तीच, कढई तीच, ठसकाही तोच. आता 'नवरत्न'ची वर्षं सरली होती आणि मेहुण्याच्या नावानं कागद तयार होते.

कुणी विचारलं तर 'चंद्रभागा बंद झालं' असं सांगायचं, हे त्यानं घरात सगळ्यांना पढवून ठेवलं होतं.

मागच्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं. गाठ नेमकी आईशीच पडली. "चंद्रभागावाले इथंच होते ना?" त्यानं विचारलं.

"चंद्रभागा?" म्हातारी म्हणाली, "ती गेली, बाबा."

आणि आत जाऊन मिरच्यांची देठं खुडत बसली. मन्मथ वजनकाट्याशी उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. म्हणून तर तो मठात आला होता. अप्पांनी नाव दिलं की मनाची रुखरुख जाईल, असा त्याचा हिशेब.

"अप्पा, ऐकताय ना?"

अप्पांनी मान वर केली. डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं.

"पाहुणे कुठले?"

मन्मथ हसला. "चेष्टा करता का गरिबाची?"

"पहिल्यांदाच आलात वाटतं. या, पंगत बसतीय."

मन्मथचं हसू ओठावरच राहिलं.

या मठाची एक रीत होती. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी भिंतीलगत वेगळी पंगत असे, नव्यांची. त्यांना आधी वाढायचं, नको म्हणाले तरी वाढायचं, त्यांचं उष्टं पानसुद्धा त्यांना उचलू द्यायचं नाही. पुढच्या खेपेला मात्र तोच माणूस बादली घेऊन वाढायला उभा राही. कुणी सांगत नसे, आपसूक होई. मन्मथ तर मिसरूड फुटायच्या आधीपासून हुग्गी वाढत आला होता. हुग्गी म्हणजे गव्हाची, गुळातली खीर. त्याच्या हातची वाढ म्हणजे पान भरून वाहायचं, अशी त्याची ख्याती.

अप्पांनी त्याचा हात धरला आणि नेऊन बसवला नव्यांच्या पंगतीत. हातातली पत्रावळ स्वतः त्याच्यापुढं मांडली.

"संकोच करू नका."

वाढपी थबकले. एकमेकांकडं बघायला लागले. मन्मथचे कान तापले.

"अप्पा, लोक बघतात…"

"बघू द्या. नव्या माणसाचं कौतुक असतंच."

तेवढ्यात दारात एक बाई आली. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. "शरणार्थ, अप्पा," तिनं हात जोडले. " मी लांबून आले. शेवया करते घरी. आता यंत्र घ्यावं म्हणते, म्हटलं आधी पाया पडून यावं."

"पहिल्यांदाच?"

"हो जी."

अप्पांनी पंगतीवरून नजर फिरवली. "नव्यांची पंगत भरली, बाई. पानंही सरली. जरा थांबावं लागेल."

"थांबते की." ती हसली आणि खांबाला टेकून उभी राहिली. भूक मात्र तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

हुग्गीची बादली मन्मथच्या पानापाशी आली. त्यानं पानावर हात आडवा धरला.

"त्या ताईंना बसू द्या. मी नवा नाही."

"नाही?" अप्पांनी विचारलं.

"नाही हो, अप्पा!" त्याचा आवाज चढला. "मी जुना आहे. तुमचाच आहे. आईनं कडेवर आणलंय मला इथं…"

"काय नाव आईचं?"

मन्मथनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"चंद्रभागा," तो म्हणाला, आणि हमसून रडायला लागला.

अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग मन्मथ उठला. उपरण्यानं डोळे पुसले, बाईला आपल्या जागी बसवलं आणि वाढप्याच्या हातातून बादली घेतली.

"पुरे, दादा, पुरे!"

"नव्या माणसानं पुरे म्हणायचं नसतं इथं. घ्या पोटभर. यंत्राला अनुदान मिळतं, ठाऊक आहे का? जेवण होऊ द्या, सगळं नीट सांगतो. हक्काचं आहे ते तुमचं."

बाईच्या पानावरून हुग्गी वाहायला लागली.

बादली रिकामी करून तो अप्पांपाशी आला. खाली मान घालून उभा राहिला.

"अप्पा… सोमवारी…"

अप्पांनी त्याच्या गालाला लागलेली हुग्गी अंगठ्यानं पुसली.

"मन्मथा, पिंपाला दुसरं झाकण बघ."