वर्गातला आकडा

"मग शाळा बंद करा म्हणून लिहू ना, बाई?"

विहंगने केळुसकरबाईंना विचारलं.

त्याने यंत्रावरचा विषारी वाफेचा आकडा पुन्हा पाहिला. ब्याऐंशी. पन्नासच्या वर धोका. कारखान्याच्या कुंपणाला लागूनच ही शाळा. बंद झाली तर साठ पोरं घरीच बसणार. मातकट सदऱ्यातले पावसकर गुरुजी दाराशी हात चोळत उभे होते.

यंत्र विहंगने स्वतः बांधलेलं, आणि खरंच अफलातून होतं. डोळ्यांना न दिसणारा लेसरचा प्रकाश हवेत सोडायचा. विषारी वाफ असली तर ती त्या प्रकाशात क्षणभर निळसर उजळणार, आणि यंत्र तेवढं उजळणं मोजणार. त्यासाठी खिडक्यांना काळे कागद लावून वर्गात मिट्ट काळोख केलेला. हे बघायला त्याने आपल्या म्हाताऱ्या बाईंना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. तोरा काही कमी नव्हता पठ्ठ्याचा.

मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "तू बाहेर जा."

"मी? अहो, यंत्र कोण बघणार?"

"गुरुजी बघतील. जा."

तो धुसफुसत व्हरांड्यात गेला.

"चारवर आलं," गुरुजी आतून म्हणाले.

तो धावत आत आला. ब्याऐंशी. पुन्हा बाहेर. चार...

"कपडे कुठल्या पावडरीत धुतोस रे?" बाईंनी विचारलं.

विहंगने खाली पाहिलं. काळोखात त्याचा कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट निळसर उजळत होता. शुभ्रपणासाठी धुण्याच्या पावडरीत घालतात ते रसायनही या प्रकाशात उजळतं, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्ट काढला. अकरा. गंजीफ्रॉक काढला. चार.

मग तो उघडाबंब यंत्रापाशी उभा राहिला आणि वर्गाचा कोपरान्‌ कोपरा नव्याने मोजला. सगळीकडे चारच. गुरुजींनी डोळे पुसले.

"बाई, तुम्ही आला नसता तर मी या पोरांची शाळा बंद केली असती. यंत्रच चुकलं माझं."

"यंत्राला नावं ठेवू नकोस. फार गुणी आहे ते. जे उजळलं, ते त्याने सांगितलं."

बाईंच्या आवाजात कौतुक होतं. ते ऐकून त्याला भरून आलं. अशी नजर आपल्याला कधी यायची, असं त्याच्या मनात आलं.

गुरुजींनी नवा अहवाल पुढे केला. शाळा सुरू ठेवण्यास हरकत नाही. खाली सहीची जागा. विहंगने शर्टाकडे हात नेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "सही अशीच कर."