विणकराच्या घरची कुरळी उंदरीण

एका उघड्या माळावरच्या गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. धनगरांकडून लोकर आणायची, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची आणि घोंगड्या विणायच्या, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. घरात घोंगड्यांची थप्पी आढ्याला लागलेली असे. मूलबाळ मात्र नव्हतं. विणकर मागावर बसला की त्याला कशाचंच भान नसे, आणि विणकरणीला दिवस खायला उठत असे.

एकदा जनावरांचे खेळ दाखवत हिंडणारा एक फिरस्ता गावात आला आणि तापानं आडवा झाला. विणकरणीनं त्याला पेज पाजली, ओसरीवर निजू दिलं. बरा होऊन निघताना त्यानं तिच्यापुढे एक टोपली ठेवली. टोपलीत एक उंदरीण आणि तिचं पिल्लू होतं. उंदरीण भुऱ्या रंगाची, आणि तिचे केस कोकराच्या केसांसारखे कुरळे होते. पिल्लाच्या अंगावर तर एकही केस नव्हता. नुसती गुलाबी, सुरकुतलेली कातडी.

"मायेनं पाळाल तर तुमच्यामागं घरभर फिरतील," फिरस्ता म्हणाला आणि वाटेला लागला.

शेजारीण हसून हसून बेजार झाली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अगं, लोक उंदीर मारत्यात, तू पाळतीयास?"

विणकरणीनं उंदरिणीचं नाव भुरी ठेवलं आणि पिल्लाचं टकल्या.

ती रोज दोघांना हातात घ्यायची, त्यामुळे त्यांचं काय दुखतं-खुपतं ते तिला आपसूक कळत गेलं. भुरीच्या मिशाही कुरळ्या होत्या. सरळ मिशांच्या उंदराला भिंत आधीच कळते, भुरीला ती नाक आपटल्यावर कळायची. म्हणून विणकरीण तिला कधी उंचावर ठेवत नसे. पापण्यांचे वळलेले केस डोळ्यांत टोचायचे, तर ती रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवलेल्या बोळ्यानं डोळे पुसून काढी. टकल्याचं तर सगळंच निराळं. त्याचं अंग हाताला गरम लागायचं, पण ती ऊब अंगात टिकायची नाही. आईएवढंच खाऊन तो पुन्हा खायला मागायचा.

"ह्येच्या अंगावर पांघरूण न्हाई," ती नवऱ्याला सांगायची, "म्हणून ह्यो पोटातनं ऊब आणतोय. खाणं कमी पडलं की गारठलाच बगा."

घोंगडी त्याला चालत नव्हती. लोकर त्याच्या कातडीला बोचायची आणि धाग्यात बोटं अडकायची. म्हणून तिनं आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून एका मडक्यात अंथरलं होतं, आणि ते मडकं चुलीच्या उबेला ठेवलं होतं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की दोघं तिच्या मांडीवर येऊन बसायची. बायको गुणगुणताना विणकरानं पहिल्यांदा ऐकली ती त्या दिवसांत.

पौष लागला. माळावरचं वारं सुरीसारखं कापू लागलं. अशात विणकरणीचा भाऊ तिला न्यायला आला. तिची आई अंथरुणाला खिळली होती.

निघताना तिचा पाय उंबऱ्यातच घोटाळला. "चूल विझू द्यायची न्हाई. मडकं जागचं हलवायचं न्हाई. आन् टकल्याला पोटभर घाला, त्यो मागंल तवा. ऱ्हाईल न्हवं ध्यानात?"

"मी काय परका हाय का?" विणकर म्हणाला. "जा निवांत."

आणि त्यानं सुरुवातीला सगळं नीट केलंही. उगाच खोटं कशाला सांगा, माणूस वाईट नव्हता.

त्या गावात दर वर्षी पौषात देवाची जत्रा भरे. धनगर आपापली मेंढरं धुऊन, सजवून देवळापुढे ओळीनं उभी करत. ज्याच्या मेंढराची लोकर सगळ्यांत दाट, त्याच्या मेंढरावर आणि त्याच्या स्वतःच्या कपाळावर पुजारी पहिला भंडारा लावायचा. विणकरानं जन्मभर लोकरीत हात घातले, पण त्याच्या दारात मेंढरू कधीच नव्हतं. ओळीच्या मागे उभं राहून दुसऱ्यांची कपाळं पिवळी होताना पाहायची, एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं.

जत्रेच्या तोंडावर एक म्हातारा धनगर लोकर घेऊन आला. मडक्यातून भुरीनं डोकं वर काढलं. धनगर बघतच राहिला.

"आयला! ही तर मेंढीच की रं. लोकर जरा दाट असती तर जत्रंत वळीला लावली असती."

धनगर हसत हसत निघून गेला. विणकर हसला नाही. त्या दिवशी त्याचं मागावर लक्ष लागेना.

थंडी पडली की मेंढीची लोकर दाट होते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विणकराला तर ते इतकं ठाऊक होतं, की ते खोटं ठरेल अशी एखादी जागा जगात असू शकते हे त्याच्या मनातही येईना. तो स्वतःशी म्हणाला, 'चुलीशी बसून कुणाला लोकर येते? बायकोच्या लाडानंच ही विरळ राहिली. आणि त्या टकल्याला गारवा मिळाला असता, तर त्यालाही एव्हाना फुटली असती.'

त्यानं मडकं उचललं, ओसरीवर, उघड्यावर नेऊन ठेवलं आणि आतून दार लावून घेतलं.

सकाळी जाऊन पाहतो तर भुरीचे केस फुलून आले होते. ती कालच्यापेक्षा चांगली भरदार दिसत होती. विणकर हरखला. उंदराला थंडी सोसेनाशी झाली की तो अंग फुगवतो, हे त्याला कोण सांगणार? सांगणारी माहेरी होती. त्याला वाटलं, गुण येतोय. गुण लवकर यावा म्हणून त्यानं मडक्यातल्या चिंध्याही काढून टाकल्या. आता मडक्याचा काठ भुरीच्या आवाक्यात राहिला नाही. बाकी त्यानं कसूर केली नाही. दाणे घालायचा, पाणी ठेवायचा. टकल्या दाण्यांना तोंड लावेना, तेव्हा त्याला वाटलं, पोट भरलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं मडक्यात हात घातला. टकल्या आईच्या पोटाखाली शिरला होता आणि थरथरत होता. त्याचं गरम अंग आता गार लागत होतं. भुरीनं विणकराच्या बोटाला नाक लावलं आणि ती बोटाला धरून वर चढू पाहू लागली. तिला वर यायचं होतं, आत जायचं होतं, हे त्याला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. आत चूल होती, अंथरायला मऊ चिंध्या होत्या, बारा पावलांवर.

पण जत्रा उद्यावर आली होती. आता आत नेलं तर झालेलं सगळं वाया जाणार. 'एका दिवसानं काय होतंय,' असं म्हणून त्यानं तिचे पाय बोटावरून अलगद सोडवले आणि तो आत जाऊन मागावर बसला.

जत्रेच्या सकाळी तो हळद आणि धुतलेलं फडकं घेऊन ओसरीवर आला. भुरी पिल्लावर पसरून पडली होती. तिनं त्याला जितकं झाकता येईल तितकं झाकलं होतं. दोघंही गार झाली होती.

विणकरानं चूल पेटवली, मडकं जवळ ओढलं, दोघांना ओंजळीत धरून तोंडाची वाफ दिली. थप्पीवरची नवीकोरी घोंगडी काढली आणि तिच्यात गुंडाळलं. अख्ख्या गावाला पुरेल एवढी ऊब त्याच्या घरात रचून ठेवलेली होती. त्यातली जराशीही त्यांच्या उपयोगी पडली नाही.

दुपारी विणकरीण आली. डोळे सुजलेले होते. आई गेली होती. काखेत तिनं एक बोचकं धरलं होतं.

"आईचं लुगडं आणलंय," ती म्हणाली. "लई मऊ हाय. मडक्यात घालीन म्हणलं." मग तिची नजर चुलीकडे गेली. "अवं, अशी घोंगडीत का गुंडाळल्याती? बोचंल त्येला."

विणकरानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "लोकर दाट हुईल असं वाटलं मला," तो म्हणाला.

ती कितीतरी वेळ भुरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "लोकर नव्हती ती," ती म्हणाली. "नुस्तं केस होतं. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"दुसरी आणतो. फिरस्त्याला हुडकून काढतो."

"आणू नगा," ती म्हणाली. "तिचीबी लोकरच बगाल तुमी."

तिनं आईच्या लुगड्यात दोघांना गुंडाळलं आणि परसात पुरलं.

संध्याकाळी कपाळाला भंडारा लावलेला म्हातारा धनगर दारावरून चालला होता. त्यानं ओसरीवर बसलेल्या विणकराला पाहून आरोळी दिली, "काय रं, तुझी मेंढी आणली न्हाईस ती?"

विणकर म्हणाला, "तूच म्हणला हुतास न्हवं, लोकर दाट असती तर—"

"आरं बाबा, गंमत केली मी!" धनगर म्हणाला. "उंदराला कुणी वळीत लावतंय व्हय?" आणि तो हसत पुढे गेला.

विणकर तिथंच बसून राहिला. ज्या मानासाठी सगळं केलं, तो मुळात कुणी देणारच नव्हतं.

त्यानंतरही त्या घरात चूल पेटत होती, भाकऱ्या होत होत्या, माग चालत होता. विणकरीण नवऱ्याला वेळेवर वाढायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. गुणगुणायची मात्र नाही. विणकर रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसे, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडे आणि तसाच उठून जाई. हिवाळा सरला, उन्हाळा आला, तरी त्याला ते शब्द सापडले नाहीत.

तात्पर्य: आपल्या धंद्यातलं शहाणपण दुसऱ्याच्या जिवावर अजमावू नये. ज्याचे हात त्या जिवाला रोज सांभाळतात, त्याला आधी विचारावं. कारण मागाहून आलेली अक्कल गार पडलेल्याला ऊब देत नाही.