गोंदाजीची न जळलेली मोळी

दरबारात महाराजांना शिंक आली आणि गुन्हेगार ठरला शेगडीवाला गोंदाजी!

"सात शेगड्या, आणि धग एकीचीही नाही!" करंजगडचे रायाजी महाराज नाक पुसत गरजले. "लाकडं जातात कुठं?"

गोंदाजी हात जोडून उभा होता. त्यात भक्ती कमी आणि बोटांना ऊब आणायचा हेतू जास्त होता. थंडी वाजण्यात सगळ्या गडावर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवाळीला चढवलेली कानटोपी तो थेट शिमग्यालाच काढायचा. शेगड्यांवर त्याची नेमणूक झाली, तीही हुशारीवर नव्हे. हा गडी शेगडीजवळून हलणार नाही, एवढीच काय ती खात्री होती.

"लाकडं येतच नाहीत, महाराज," तो म्हणाला.

ते खरंच होतं. यंदा महाराजांनी रानाच्या नाक्यावर जकात वाढवली होती. पूर्वी चार मोळ्यांमागे एक वाड्याला द्यावी लागे, आता एकीमागे एक! एक जाळायला दोन वाहायच्या, म्हणून लोकांनी रानात जाणंच सोडलं. चुली दिवसातून एकदा पेटू लागल्या, घरं गारठली, आणि वाड्याच्या वाट्याची मोळीही रानातच राहिली.

"जकात थोडी कमी केली तर..."

"रयत लाडावलीय! आमच्या लहानपणी आम्ही ऐन पौषात विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करायचो!" दोन शाली आणि वर दुलई पांघरलेले महाराज म्हणाले. "आता ऐक. कोठारात ही एक मोळी उरलीय. एवढ्यातच संक्रांतीपर्यंत दरबार ऊबदार ठेव. उद्या मला अंगावरची शाल काढावीशी वाटली पाहिजे! नाही जमलं, तर बायकापोरांसकट गड उतरायचा!"

संक्रांतीला बारा दिवस होते. मोळी कशीबशी दोन दिवसांची होती.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा दारातच बायको तुळसानं विचारलं, "अवं, तोंड का उतरलंय?"

"गड उतरायचाय. म्हटलं, तोंडापासून सुरुवात करावी."

आत बसून त्यानं सगळी हकिकत सांगितली. तुळसा ऐकता ऐकता एकदम थांबली आणि त्याच्या डोक्याकडे बघत राहिली.

"अवं, तुमी टोपी काढली?"

"उकडतंय गं."

"उकडतंय? चूल सकाळपास्नं थंड हाय!"

गोंदाजीनं भोवती पाहिलं. एवढीशी खोली. तीत आई, चार पोरं, माहेरी आलेली बहीण, तिची दोन लेकरं आणि थंडीनं आत घेतलेल्या दोन शेळ्या. दार लावलेलं, खिडकीवर वाकळ टांगलेली. सात शेगड्यांपाशी कुडकुडणारा माणूस या खुराड्यात घामाघूम झाला होता! तो हसत उठला, टोपी चढवली आणि गल्लीत निघाला.

"उद्या जकातीची तक्रार घेऊन दरबारात या," तो प्रत्येक दारात सांगत गेला. "म्हातारीकोतारी, पोरंबाळं, सगळी या. वाकळी आणायला विसरू नका!"

फिर्याद घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही, आत बसवून ऐकून घ्यायचं, ही करंजगडची थोरल्या महाराजांपासूनची रीत होती. त्यामुळे सकाळी पहारेकऱ्यांना बाजूला होण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"अगं, पण शेळी कशाला?" एकानं गल्लीतल्या बयजाआजीला अडवलं.

"साक्षीला! तिची गवाण आम्ही चुलीत घातली, हे तिच्याबिगर कोण सांगंल?"

दरबार खच्चून भरला. गोंदाजीनं खिडक्यांवर वाकळी टांगल्या, दारं लोटली. महाराज एकेक फिर्याद ऐकू लागले. दहाव्या फिर्यादीला दुलई गेली. विसाव्याला एक शाल गेली, तिसाव्याला दुसरी. चाळिसाव्याला महाराज ओरडले, "पंखा! अरे, पंखा कुठाय? गोंदाजी! सगळी मोळी एका दिवसात जाळलीस?"

"नाही, महाराज. बयजाआजी, जरा उठा."

आजी कुरकुरत उठली. तिच्या बुडाखाली मोळी होती, बांधल्या दोरीसकट!

महाराजांनी सातही शेगड्यांत डोकावून पाहिलं. राख गार होती.

"मग ही ऊब आली कुठून?"

"ही आमच्या घरची पद्धत, महाराज. इतके दिवस मी हिला गरिबी समजत होतो. आज कळलं, ही तर कारागिरी आहे!"

"आजचं भागलं रे! उद्या काय करशील?"

"उद्याही हीच माणसं येतील. अजून निम्मी बोलायचीत, महाराज! जोवर जकात आहे, तोवर तक्रार आहे. आणि जोवर तक्रार आहे, तोवर दरबार गरम! संक्रांतच काय, वैशाखापर्यंत पुरेल!"

महाराजांनी समोर पाहिलं. साक्षीला आलेली शेळी गादीचा गोंडा चघळत होती. हे सगळं वैशाखापर्यंत! आधी त्यांच्या मिशा थरथरल्या, मग ते खदखदून हसू लागले.

"म्हणजे मला गारठवलं माझ्याच जकातीनं, आणि शेकलं तिच्याच तक्रारींनी! आणि विहिरीवरच्या आंघोळीचं म्हणाल, तर मी दोनदाच केली होती. दुसऱ्यांदा मला ढकललं होतं!" ते उठून उभे राहिले. "जकात रद्द! ज्याची मोळी त्याच्या चुलीत. वाड्याची लाकडं वाडा विकत घेईल. आणि गोंदाजी, ही शाल तुझी!"

दुसऱ्या दिवशी गोंदाजी शेगडी फुंकत होता. दात वाजतच होते.

"काय रे, शाल ऊबदार नाही का?" महाराजांनी विचारलं.

"आहे, महाराज. आई तसं म्हणते, पोरं म्हणतात, शेळ्यांचीही तक्रार नाही. माझी पाळी यायचीय अजून."

महाराजांनी पोट धरून हसत दुसरी शालही काढून त्याच्या अंगावर टाकली.