पडद्याच्या आधी

"आणि विहिरीचा प्रसंगही गाळला असेल तर? तरी तुम्ही गप्प बसणार, नाना?"

नाना आठल्ये गप्पच बसले.

चिपळूणच्या त्या थिएटरबाहेर एक सिमेंटचा बाक आहे. नाना त्यावर बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर आणि तोंड उन्हाकडे. तीनच्या खेळाला अजून वीस मिनिटं होती. श्रीपाद रेडीज त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत होता.

"गाळला असेल तर गाळला असेल," नाना अखेर म्हणाले. "पाणी तर राहिलं असेल विहिरीत?"

श्रीपादला हे उत्तर मुळीच आवडलं नाही.

चौतीस वर्षांपूर्वी नानांनी 'भागीरथीची गिरण' लिहिली. एक बाई, तिची भाताची गिरण आणि ती गिरण दिराच्या हाती सोपवून तिचं निघून जाणं, एवढीच गोष्ट. पण कोकणात घराघरात पोचलेली. आता तिच्यावर चित्रपट निघाला होता, आणि दिग्दर्शकाने आदराने दोन तिकिटं धाडली होती. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने नानांची दृष्टी नेली, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं.

"मी येतो बरोबर," श्रीपाद म्हणाला होता. "पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगेन तुम्हाला. शब्द न् शब्द."

याहून योग्य माणूस तालुक्यात नव्हता, हे आधी त्याचं मत आणि मग इतरांचं. कॉलेजात मराठी शिकवणारा, दर रविवारी वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहिणारा. त्याचं सदर म्हणजे एक दरारा होता. पुस्तकावरून चित्रपट निघाला की श्रीपाद पुस्तक मांडीवर घेऊन थिएटरात बसायचा, पानापानाला चिठ्ठ्या लावायचा आणि काय काय सुटलं त्याची यादी छापायचा. 'भागीरथीची गिरण' तर त्याला तोंडपाठ होती. शेवटच्या प्रकरणातलं भागीरथीचं अकरा पानी स्वगत तो लग्नकार्यातसुद्धा म्हणून दाखवी, कुणी आग्रह केला तर, आणि नाही केला तरी.

या वेळच्या यादीत नुसत्या जाहिरातीवरूनच तेवीस चुका जमल्या होत्या. चित्रपट बघायचा तो फक्त आकडा वाढवायला.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. नानांच्या डोक्यात चार वर्षं एक नवी कादंबरी तयार होत होती. सोमवारपासून ते ती सांगायला सुरुवात करणार होते. लिहून घ्यायला कोण बसणार, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

श्रीपादने समास आखलेले कागद तयार ठेवले होते. आपणच बसणार ही बातमी त्याने प्राचार्यांना सांगितली होती, बायकोला सांगितली होती, आणि सासूबाईंना तर दोनदा. नानांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

बाराचा खेळ सुटला. माणसं डोळे चोळत बाहेर आली.

"पुस्तकाची सर नाही हो याला," एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले.

"मी तर रडले बाई," एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली.

"फायटिंग नाही, गाणं नाही," तिसरा पायऱ्या उतरता उतरता म्हणाला. "एसी मात्र झकास."

नाना खुदकन हसले.

"ऐकलंत, नाना?" श्रीपाद म्हणाला. "पुस्तकाची सर नाही. सामान्य माणसालाही कळतं."

"तिघांचंही ऐकलं मी."

श्रीपादने मात्र एकाचंच ऐकलं होतं.

आत त्यांना मधल्या रांगेत जागा मिळाली. नानांच्या उजव्या हाताला श्रीपाद बसला. डाव्या हाताला कुणी बाई येऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीतून सुक्या मासळीचा वास येत होता. श्रीपादने नाक मुरडलं, मांडीवर पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीएवढी बॅटरी पेटवली.

दिवे गेले.

"सांग," नाना म्हणाले.

श्रीपाद सांगू लागला. आणि काय सांगू लागला! आवाज दबका पण स्वच्छ, शब्द नेमके. खाडीवरचं धुकं, गिरणीचं पत्र्याचं छप्पर, भागीरथीच्या केसांत अडकलेला कोंडा. थोड्याच वेळात त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वर बघायचीही गरज नाही. पडद्यावर जे येणार ते आपण आधीच सांगू शकतो.

त्याला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं. हे आणखी कुणाला जमलं असतं?

"आता दीर येईल," तो कुजबुजला. पडद्यावर दिराचा आवाज आला.

"आता ती पाण्याचा तांब्या आपटेल." तांब्या आपटल्याचा आवाज आला.

नानांची मान जरा ताठ झाली. खोटं कशाला बोला, त्यांनाही बरं वाटत होतं. चौतीस वर्षांपूर्वीची आपली वाक्यं कुणी अशी डोळे मिटून म्हणावीत, आणि अंधारात शेजारी बसून आपल्या कानात म्हणावीत, हे कुठल्या लेखकाला आवडणार नाही?

पण मग जुळेनासं झालं.

"इथे विहिरीचा प्रसंग हवा," श्रीपाद फणकारला. पुस्तकात चिठ्ठी घातली. "गाळला. चोवीस."

"मग त्याऐवजी काय आहे?"

"काहीतरी आहे. बाजार वगैरे. पुस्तकात नाही ते."

"बाजारात काय चाललंय?"

"नाना, ते महत्त्वाचं नाही. विहिरीपाशी ती नणंदेला म्हणते की..."

"ते मी लिहिलंय, श्रीपाद. मला ठाऊक आहे."

श्रीपादला वाटलं, नाना त्याच्या पाठांतराला दाद देताहेत. तो दुप्पट उत्साहाने पुढे सांगू लागला.

पंचवीस. सव्वीस. एकतीस.

मध्यंतरात त्याने नानांना चहा आणून दिला आणि एकतिसाव्या चुकीपर्यंतचा आढावा घेतला. नानांनी चहा प्यायला. शेजारची बाई खारे दाणे खात होती. तिने नानांच्या हातावरही चार दाणे ठेवले, ओळखपाळख नसताना.

चित्रपट संपत आला.

श्रीपाद सावरून बसला. आता शेवटचं प्रकरण. दाराशी उभी असलेली भागीरथी, मागे धडधडणारं इंजिन, आणि त्या आवाजावर चढत जाणारं तिचं स्वगत. हे गाळायची छाती जगात कुणाची होती? त्याने बॅटरी पुस्तकावर धरली. धरायची गरज नव्हतीच. तो नानांच्या कानाशी वाकला.

"ती दाराशी उभी आहे, नाना. इंजिन चालू आहे. चाकं फिरताहेत. ती दिराकडे बघते आणि म्हणते, या गिरणीत मी माझी चोवीस वर्षं..."

"श्रीपाद."

"...कांडली, आणि तांदूळ तुम्ही..."

"श्रीपाद, इंजिन बंद झालंय."

श्रीपादने मान वर केली.

खरंच की. केव्हापासून कोण जाणे, पण थिएटरात चिटपाखरू नसावं अशी शांतता होती. चारशे माणसं होती आणि कुणी खोकतही नव्हतं.

"या शांततेत ती काय करतेय?" नानांनी विचारलं.

"ती... बोलत नाहीये. स्वगत नाही, नाना. अख्खं गाळलं! अकरा पानं!" त्याचा आवाज चिरकला. मागून कुणीतरी 'शू' केलं.

"काय करतेय?"

"काही नाही. काहीच नाही करत."

नानांनी हात पुढे केला. चाचपडत श्रीपादच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. बोटांनी कडा चाचपल्या, चिठ्ठ्या चाचपल्या, आणि मिटलं.

मग ते काठीवर जोर देऊन किंचित उठले, पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले.

श्रीपादच्या काळजाचं पाणी झालं. पुस्तकाला पाय लागला तरी हात जोडून कपाळाला लावणारी माणसं ही. शाळेत मास्तर असताना, नुसत्या वहीवर बसला म्हणून नानांनी एकेकाला अंगठे धरून उभं केलेलं होतं.

"नाना! पुस्तक आहे ते!"

"माझंच आहे," नाना म्हणाले. "खुर्ची फार खोल आहे रे."

आणि त्यांनी मान डावीकडे वळवली.

"बाई... मला दिसत नाही. काय चाललंय पडद्यावर?"

त्या बाईने पदराने नाक पुसलं.

"पट्टा काडतेय ओ ती," ती हळूच म्हणाली. "गिरणीचा पट्टा. चाकावरून काडलान. आता गुंडाळतेय. काय नाय बोलत... लेकराच्या अंगावरचं दुपटं घडी करावं ना, तसा गुंडाळतेय."

"मग?"

"खुटीला लावलान. आता धुरळा झाडतेय, लुगड्यावरचा. पण थांबली. झाडता झाडता थांबली ओ."

"मग?"

"मग ऱ्हवू दिलान तसाच. अंगावर." बाईने पुन्हा पदर नाकाला लावला. "...चालली बघा."

थिएटरात ठिकठिकाणी नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. नाना पुढे वाकून ऐकत होते. श्रीपाद नानांच्या धोतराखालून बाहेर आलेला पुस्तकाचा कोपरा बघत होता. शेवटपर्यंत तो तेवढंच बघत राहिला.

बाहेर पाच वाजून गेले होते. ऊन कलतं झालं होतं. नाना पुन्हा त्याच बाकावर बसले. ती बाईही जरा टेकली. गोवळकोटच्या पाष्टेबाई, सुकी मासळी विकणाऱ्या. माल लवकर संपला म्हणून आलेल्या.

"रडवलान मेलीनं," त्या म्हणाल्या. "माज्या सासूची गिरण होती, बाबा. असाच पट्टा होता. असाच गुंडाळायची ती."

"पुस्तक वाचलंत का हो याचं?" श्रीपादने विचारलं. आवाजाला धार होती.

"पुस्तक हाय काय याचं?" पाष्टेबाईंना नवल वाटलं. "नाय बा. आमाला कुठलं वाचायला. पन ज्यानं लिवलान ना, त्येच्या घरात गिरण असणार. नायतर कोंडा अंगाला कसा चिकटतो त्ये कळायचं नाय मान्साला."

नानांची छाती अशी फुलली की सदऱ्याचं बटण ताणलं. सोळा आवृत्त्या झाल्या, सत्कार झाले, तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. गिरण त्यांच्या आत्याची होती. हे त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

"अहो, हेच तर..." श्रीपादने तोंड उघडलं.

नानांनी त्याचं मनगट धरून दाबलं. पाष्टेबाई पिशवी सावरत बसथांब्याकडे निघून गेल्या.



श्रीपादच्या हातात पुस्तक परत आलं होतं. चिठ्ठ्या चुरगळल्या होत्या. त्याला नानांचा राग आला होता, दिग्दर्शकाचा आला होता, त्या मासळीवालीचाही आला होता. आणि या सगळ्या रागाखाली भीती होती. सोमवारची.

"नाना..."

"हं."

"चित्रपट चांगला आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला काय विचारतोस? मी कुठे पाहिला?"

"मग रविवारी मी काय लिहू?"

"तू पाहिलास?"

श्रीपादने चुरगळलेली एक चिठ्ठी सरळ केली. समोरच्या रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. त्याने घसा साफ केला. जे विचारायचं ते आता विचारलं नाही तर पुन्हा विचारायचा धीर होणार नव्हता.

"नाना, सोमवारी... मी यायचं ना? कागद तयार आहेत. तुमचं वाक्य अर्धं झालं की पुढचं मला कळतं. तुम्हाला ठाऊक आहे. तुमची शैली माझ्याइतकी कुणालाच..."

"हो. खरं आहे ते," नाना म्हणाले. "कुणालाच नाही."

श्रीपादचा जीव भांड्यात पडला. पण नाना अजून काहीतरी ऐकत होते, समोर नसलेलं.

"भागीरथी जाताना पावलं वाजली तिची," ते म्हणाले. "कोंड्यावरून. चपलांचा आवाज नव्हता तो... पण अनवाणी पायांचाही नव्हता. काय होतं रे तिच्या पायात?"

श्रीपादने तोंड उघडलं.

मग डोळे मिटले. अख्खी कादंबरी त्याने मनातल्या मनात पानापानाने उलटली. तांब्या सापडला, लुगड्याचा रंग सापडला, नणंदेच्या नथीचे मोती सापडले. शेवटचं प्रकरण त्याने दोनदा चाळलं. ओळीओळीने. अभिमानाने सांगत आला होता तो, यातला एक शब्दही मला चुकणार नाही म्हणून. आणि चुकला नव्हताच.

"नाना," तो अगदी हळू म्हणाला, "ते पुस्तकात नाहीये."

"मला माहीत आहे."

नानांनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि पाय पसरून आरामात बसले.

"सहाचा खेळ आहे. जा तू, बघून ये. मी थांबतो."