सहा बाटल्या, कायद्यानं

घाटमाथ्यावरच्या एका गावात बुधाजी नावाचा भोळा सुतार राहत होता. हातात कसब मोठं. डोक्यात मात्र सांगितलं तेवढंच शिरायचं. एकदा कोणी त्याला म्हणालं, "जरा थांब, आलोच." तो माणूस दुसऱ्या वाटेनं घरी गेला, जेवला, झोपला. बुधाजी तिन्हीसांजेपर्यंत तिथंच उभा.

त्याला तात्याबा मोरबाळ्याची मुलगी सगुणा आवडायची. सगुणालाही तो आवडायचा. तात्याबा पलटणीतून निवृत्त झालेला. मिशा ताठ, बोलणं त्याहून ताठ. बुधाजी मागणी घालायला गेला तेव्हा तो म्हणाला,

"मला हुशार जावई नको. सांगितलं तेवढं करणारा पायजे. रविवारी माझे पलटणीतले दोस्त येणार. घाटाखाली, पल्याडच्या राज्यात, पेद्रू म्हणून एक जण कोकमाची बियर करतो. बारकी भट्टी, हाताचं काम. त्याच्या सहा बाटल्या आण. चोरून न्हाई. कायद्यानं. आणल्यास तर रविवारीच सुपारी फोडू. न्हाई आणल्यास तर पोरगी चिंचवाडीला देतो."

"बरं मामा," बुधाजी म्हणाला.

गुरुवारी तो सायकलनं घाट उतरला. पेद्रूनं बाटल्या मोजून दिल्या आणि बोट वर केलं.

"ऐक पात्रांव. रिकामं झालं की परत आणून द्यायचं. वास आला तरी चालेल. फुटलेलं चालणार नाही."

"बरं," बुधाजी म्हणाला.

बाटल्या त्यानं सायकलच्या मागं आडव्या बांधल्या. घाटाचा रस्ता खड्ड्यांचा. पहिल्या वळणावर एक बूच उडालं, तिसऱ्या वळणावर सगळी. बुधाजी तात्याबाच्या घरी पोचला तेव्हा त्याची पाठ फेसानं पांढरी झाली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

तात्याबानं कपाळाला हात लावला.

"अरं लेका, उभं आणायचं असतं! हलवायचं नसतं! ओल्या गोणपाटात गुंडाळायचं असतं! आणि परवाना कुठाय? त्याच्याबिगर नाक्यावर सोडलं कसं तुला?"

"साहेब जेवत होते, मामा."

"उद्या परवाना काढ. नीट सांभाळून आण."

"बरं. उभं, न हलवता, ओल्या गोणपाटात."

शुक्रवारी बुधाजीनं रिकाम्या बाटल्या परत करून भरलेल्या घेतल्या. खालच्या कचेरीत जाऊन सहा बाटल्यांचा परवाना काढला. निळ्या शाईचा, गोल शिक्क्याचा. मग गोणपाट विहिरीत बुडवलं, परवाना त्यात गुंडाळला आणि घाटभर हातात उभा धरून आला. बाटल्या खुशाल पिशवीत. सांभाळून आणायचा तो परवाना, बाटल्यांचं नाव मामानं घेतलं नव्हतं.

नाक्यावरच्या साहेबानं गोणपाट उलगडलं. आत निळा लगदा निघाला.

"हे काय?"

"परवाना. अजिबात हलवला नाही, साहेब."

साहेबानं बियर गटारात ओतली आणि रिकाम्या बाटल्या त्याच्या हातात दिल्या.

तात्याबा अंगणात येरझाऱ्या घालत होता. सगुणा खांबाआडून बघत होती.

"कागद कोरडा ठेवायचा, गाढवा! घडी घालून खिशात! आणि तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस? कोणी विचारायच्या आधी आपणहून सांगायचं. काय हाय, किती हाय. कायद्याच्या माणसाला लपवाछपवी चालत न्हाई."

"बरं. आपणहून सांगायचं. काय आहे, किती आहे."

सगुणा हळूच म्हणाली, "उद्या नीट करा हो. चिंचवाडीच्या मुलाला मी पाहिलंय. तो जेवताना मोजतो."

"काय मोजतो?"

"दुसऱ्याच्या भाकऱ्या."

बुधाजीनं मनाशी ठरवलं. आता चुकायचं नाही.

शनिवारी त्यानं नवा परवाना काढला, घडी घातली, खिशात घातला. बाटल्या उभ्या, ओल्या गोणपाटात. सायकल हलते म्हणून एसटीनं निघाला. सगळं नेमकं जमलं होतं. गाडी सुटताच तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला,

"बियर आहे. सहा आहे."

गाडीत माणसं होती पन्नास. पुढच्या बाकावरचा म्हातारा वळला. "कसली रं?"

"कोकमाची. हाताची."

"बघू."

दाखवू नये असं परवान्यात काही लिहिलं नव्हतं. बुधाजीनं दाखवली. म्हाताऱ्यानं दातानं बूच काढलं. मागच्या बाकावरचे दोघं म्हणाले, आम्हाला न्हाई का दाखवणार? त्यांनाही दाखवली. नाका येईपर्यंत कंडक्टर सोडून सगळ्यांनी पाहून घेतली. साहेब गाडीत चढला तसा बुधाजी ताठ उभा राहिला.

"बियर होती. सहा होती."

त्या दिवशी तात्याबाचा आवाज वेशीपर्यंत गेला.

"तोंड बांधून आणायचं! वाटेत कुणाला हात लावू द्यायचा न्हाई! उद्या मी सोता येतो. मी सांगीन तेवढं करायचं. कळलं?"

"कळलं. तोंड बांधून."

रविवारी उजाडताच दोघं भाजीच्या टेंपोनं घाट उतरले. कचेरीला सुट्टी, म्हणून कारकुनाला घरातून उठवून परवाना काढला. पेद्रूनं सहा बाटल्या पुढं ठेवल्या.

"या शेवटच्या. भट्टी रिकामी झाली. आता महिन्यानं."

"ताजी हाय का?" तात्याबानं विचारलं.

"बघा की."

तात्याबानं एक उघडली. ताजी होती. पण एक ताजी म्हणून दुसरी ताजी असेलच असं नाही. पलटणीत त्यानं सगळा माल तपासून घेतलेला. दुसरी उघडली. तिसरी दुसरीपेक्षा बरी वाटली, म्हणून दुसरीचं काय चुकलं ते बघायला चौथी. सहावी संपली तेव्हा तात्याबा भिंतीला टेकला होता आणि डोळे मिटले होते.

"बुधा," तो म्हणाला, "सहाच्या सहा... नीट घरी ने रं."

एवढं बोलून तो घोरायला लागला.

बुधाजीनं रिकाम्या बाटल्यांकडं पाहिलं. मग तात्याबाकडं पाहिलं. बियर कुठं आहे याबद्दल त्याला शंका उरली नाही.

पेद्रू रिकाम्या बाटल्या उचलून आत घेऊन गेला. बुधाजीनं त्याच्या अंगणातल्या चार फळ्या मागून घेतल्या, खिळे घेतले आणि पुरुषभर उंचीची पेटी ठोकली. पुढून उघडी, आतून काथ्या भरलेली. तात्याबाला ओल्या गोणपाटात गुंडाळून आत उभा केला. हलू नये म्हणून काखेतून आणि कमरेतून दोऱ्या घेतल्या. पंच्यानं तोंड बांधलं. नाक मोकळं ठेवलं. तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, पण सुचलं.

टेंपोवाला म्हणाला, "हे काय?"

"माल. दमानं चालव. फेस येतो."

नाक्यावर बुधाजी आधी उतरला.

"बियर आहे. सहा आहे. परवाना कोरडा आहे."

साहेबानं परवाना वाचला. बरोबर होता. मग पेटीकडं पाहिलं.

"बाटल्या कुठंयत?"

"बाटल्या पेद्रूकडं. बियर ह्यात आहे."

साहेबानं पुढं वाकून वास घेतला. वासात खोट नव्हती.

"सहाच कशावरून?"

बुधाजीनं खिशातून सहा बुचं काढली. साहेबानं दोनदा मोजली. नियमात बाटलीचा आकार कुठं दिला आहे का ते पुस्तकात पाहिलं. दिला नव्हता. त्यानं परवान्यावर शिक्का मारला. दुसरा शिक्का मालावर मारायचा असतो. तो त्यानं तात्याबाच्या कपाळावर मारला.

तात्याबाच्या दारात मांडव होता. पलटणीतले दोस्त आले होते. टेंपो थांबला आणि पेटी उतरली. तात्याबा ताठ उभा, मिशा ताठ, कपाळावर सरकारी शिक्का. दोस्तांनी उठून सलाम ठोकला.

एवढ्यात तात्याबाला जाग आली. पंच्याच्या कडेनं पांढरा फेस यायला लागला.

"जरासा हलला वाटतं, मामी," बुधाजी खाली मान घालून म्हणाला. "शेवटच्या वळणावर खड्डा होता."

तात्याबाची बायको हौसाबाई पेटीभोवती एक फेरी मारून आली.

"एकतीस वर्षं संसार केला," ती म्हणाली. "हा माणूस पिऊन कधी सरळ उभा घरी आला न्हाई. कधी गप आला न्हाई. आज उभा आला, गप आला, कागद घेऊन आला. ह्यापरीस चांगला जावई मला कोण आणून देणार? काय हो, फोडायची न्हवं सुपारी?"

"उंऽऽ! उंऽऽऽ!" तात्याबा म्हणाला आणि मान जोरात हलवली. आडवी की उभी, ते पेटीत कळलं नाही.

दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. सुपारी फुटली. सगुणा खांबाआडून पुढं आली.

सोमवारी सकाळी तात्याबा ओट्यावर डोकं धरून बसला होता. कपाळावरचा शिक्का साबणानं निघत नव्हता. सुपारी आता जोडता येत नव्हती. त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"काय वाटतंय मामा?" बुधाजीनं आस्थेनं विचारलं.

"काय वाटायचंय? अगदी रिकामं रिकामं वाटतंय बघ."

बुधाजी उठला. गोणपाट भिजवून आणलं. पेटी दारात उभीच होती.

तासाभरानं टेंपो नाक्यावर थांबला. साहेब बाहेर आला. कपाळावरचा आपलाच शिक्का त्यानं ओळखला.

"आता काय?"

"रिकामं आहे, साहेब," बुधाजी म्हणाला. "पेद्रूला परत द्यायचंय. वास आहे. फुटलेलं नाही."

साहेबानं वाकून वास घेतला, आणि फाटक उघडलं.