करंगळीचं मऊ टोक

बोटं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. वसईकडच्या एका वाडीत सांतान नावाचा गिटारवाला होता. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका तारा दाबत. लग्नात नाचाची गाणी वाजवायला ती तिघं पुरत. करंगळी पुढे आली की तर्जनी म्हणे, "तू नाजूक आहेस, राहू दे." मग करंगळी हवेतच राही.

एका लग्नात नवरीच्या आजीने आपल्या माहेरचं संथ गाणं धरलं आणि सांतानला साथ करायला सांगितलं. त्यातला एक सूर गिटारीच्या दांडीवर पार लांबच्या पट्टीवर होता. तिथे तिघांपैकी कुणीच पोचेना, म्हणून त्यांनी करंगळीला पुढे ढकललं. तिने जीव खाऊन तार दाबली, पण बळ पुरलं नाही. तार खरखरली. आजी गाता गाता थांबली.

घरी आल्यावर करंगळी मुठीत लपून बसली. "माझ्यामुळे सगळ्यांची मान खाली गेली," ती म्हणाली.

"मी सांगतच होते, ती नाजूक आहे," तर्जनी म्हणाली.

तेव्हा गिटारीच्या मागे राहणारा, कुणाला न दिसणारा अंगठा बोलला. "तर्जनीताई, तुमच्या टोकाला इतक्या वर्षांच्या सरावाचा घट्टा आहे. तिचं टोक जरा चाचपून बघा."

तर्जनीने चाचपलं. ते तान्ह्या बाळाच्या टाचेसारखं मऊ होतं.

दुसऱ्या दिवशी सरावाला बसताना तर्जनी म्हणाली, "आज तू आधी." नेहमीचं "तू नाजूक आहेस" मात्र करंगळीकडे बघून तिला म्हणवलं नाही.